डांबरगोळीचा काळा धूर

(दृश्य: पुण्यातल्या एका कॉलेजची प्रयोगशाळा. स्पॅच्युलाच्या टोकावर पांढरा चुरा.)

अनोळखी पदार्थाची चिमूट घ्यायची, बर्नरवर धरायची. स्वच्छ जळला तर ॲलिफॅटिक, म्हणजे बेंझीनसारखं कार्बनचं कडं नसलेला. काळा धूर आला, की जर्नलमध्ये लिहायचं : ॲरोमॅटिक, म्हणजे असं कडं असलेला. आत्ता स्पॅच्युलावर आहे नॅप्थलीन, म्हणजे कपाटातली डांबरगोळी. बघा, ज्योतीच्या टोकाशी धुराची दोरी सुटली. काजळीचे धागे तरंगत टेबलावर उतरतायत, कुणाच्या तरी कोऱ्या एप्रनवरही.

परीक्षा तशी ढोबळच. आरतीचा कापूरही काजळी धरतो, आणि रसायनशास्त्राच्या हिशेबात तो ॲरोमॅटिक नाही.

पण काजळी का येते? व्हायव्हात हे सहसा कुणी विचारत नाही.

1825 मध्ये मायकेल फॅरडेनं दिव्याच्या गॅसमधून उरलेल्या तेलकट द्रवातून बेंझीन वेगळं केलं. सहा कार्बनचं कडं. यातले काही इलेक्ट्रॉन कुणा एका बंधाच्या मालकीचे नसतात, साऱ्या कड्यावर पसरलेले असतात. म्हणून कडं चिवट. त्याला एक मिथाइल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) लावला, की झालं टोल्युइन.

(दृश्य: कर्वे रोडवरचा पेट्रोल पंप, सकाळची रांग.)

टोल्युइन तुमच्या टाकीतही आहे, आणि कामाचं आहे. ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच सिलिंडरमधलं उरलेलं मिश्रण आपोआप पेटलं, तर इंजिन ठोके देतं. यालाच नॉकिंग म्हणतात. टोल्युइन असं पेटायला नाखूश असतं. आग चालते ती हायड्रोजनचा सुटा अणू आणि ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) यांसारख्या चपळ तुकड्यांवर. हायड्रोजनचा एक अणू ऑक्सिजनला भिडला, की एकाचे दोन तुकडे होतात, आणि आग भडकते. टोल्युइन या चपळांना आपल्या मिथाइलमधला हायड्रोजन देऊन गप्प करतं. मागे उरतं बेंझिल. त्याचा एकटा इलेक्ट्रॉन कड्यावर पसरलेला, त्यामुळे गडी सुस्त. ऑक्सिजनशीही त्याचं फारसं जमत नाही.

हे सगळं कागदावर आणणं म्हणजे कायनेटिक मॉडेल. शेकडो रेणू, हजारो छोट्या अभिक्रिया, आणि तापमान चढलं की प्रत्येकीचा वेग किती वाढतो याचं सूत्र. त्या सूत्रावर नाव स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ अऱ्हेनियसचं, साल 1889. थोडक्यात जमाखर्चाची वही : कुठल्या क्षणी कोण तयार झालं, कोण खर्ची पडलं. खऱ्या पेट्रोलमध्ये शेकडो घटक असतात, म्हणून वहीत त्याच्या जागी बरेचदा तिघांनाच बसवतात : हेप्टेन, आयसो-ऑक्टेन आणि टोल्युइन.

हजार ओळींपैकी महत्त्वाची कुठली?

(दृश्य: लक्ष्मी रोड, विसर्जन मिरवणूक.)

हे पुणेकराला सांगायला नको. मानाचा पहिला कसबा गणपती बेलबाग चौकात अर्धा तास थांबला, की मागची सगळी मिरवणूक अर्धा तास थांबते. मागच्या गल्लीतलं एखादं मंडळ रेंगाळलं, तर मिरवणुकीच्या शेवटच्या अलका चौकाला पत्ताही लागत नाही. मॉडेलवाले हेच करून बघतात. एकेका अभिक्रियेचा वेग थोडा बदलायचा आणि मिश्रण पेटायला लागणारा वेळ किती सरकतो ते पाहायचं. मग तो ताडून बघायचा शॉक ट्यूबमध्ये. लांब नळी, मधला पडदा फाटतो, आघातलहर धावते आणि गॅस डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी हजार केल्विनच्या वर जातो. आकडे जुळले नाहीत, की पुन्हा वही उघडायची.

आता काजळी. तापलेल्या कड्यावरचा एक हायड्रोजन निघतो, रिकाम्या जागी ॲसिटिलीन, म्हणजे ज्योतीतलाच दोन कार्बनचा छोटा रेणू, येऊन बसतं. पुन्हा एकदा तसंच. आणि दुसरं कडं बंद होतं : नॅप्थलीन. मग तिसरं, चौथं. कड्यांच्या चकत्या एकमेकींना चिकटतात, त्यातूनच काजळीचा कण. डांबरगोळी तर दोन कडी घेऊनच ज्योतीत उतरते, निम्मी वाट आधीच चाललेली.

आपल्याकडच्या बीएस-6 (प्रदूषणाच्या सरकारी निकषांतल्या) पेट्रोलमध्ये ॲरोमॅटिक घटक घनफळाच्या 35 टक्क्यांवर चालत नाहीत, बेंझीन 1 टक्क्यावर नाही. बेंझीनचं कारण वेगळं : त्यानं कर्करोग होतो.

(दृश्य: पुन्हा प्रयोगशाळा. एक मुलगी नळाखाली स्पॅच्युला घासतेय.)

काजळी हटत नाही. लॅबचे मामा जाता जाता म्हणतात, "अगं, पाण्यानं नाही जायची ती. निळ्या ज्योतीत धर."

ती धरते. काळा थर लाल होतो आणि कडेकडेनं विरत जातो. ओएच आणि ऑक्सिजन त्याला खातायत. वहीत या ओळीही असाव्या लागतात.