अंडवृद्धी: पाणी येते कुठून, यावर उपचार ठरतो

नमस्कार श्रोतेहो. अंडकोषात पाणी साठून सूज येते, तिला आपण अंडवृद्धी म्हणतो आणि डॉक्टर हायड्रोसील म्हणतात. ती सहसा दुखत नाही, आणि सांगायची लाजही वाटते. त्यामुळे माणसे वर्षानुवर्षे गप्प राहतात. लहान मुलाची आणि मोठ्या माणसाची अंडवृद्धी वरून सारखीच दिसली, तरी दोघांची कारणे वेगळी असतात.

आधी मुलांचे पाहू. बाळ गर्भात असताना वृषण मूत्रपिंडाजवळ तयार होतात आणि सातव्या महिन्यापासून जांघेतून खाली उतरतात. त्यांच्याबरोबर पोटाच्या अस्तराची एक नळी खाली येते. ती जन्माच्या सुमारास बुजायला हवी. अरुंद वाट उरली तर पोटातले पाणी खाली झिरपते. वाट रुंद असली तर आतडेच उतरते, तो हर्निया. सूज सकाळी कमी आणि दिवसभर खेळून संध्याकाळी जास्त दिसत असेल, तर वाट उघडी आहे असे समजावे.

बहुतेक बाळांची ही नळी वर्ष-दोन वर्षांत आपोआप बुजते, म्हणून नुसते पाणी असेल तर थांबता येते. हर्निया असेल तर थांबू नये. लेप लावून किंवा करदोटा आवळून नळी बुजत नाही. दोन वर्षांनंतरही सूज राहिली, तर पूर्ण भूल देऊन जांघेत छोटा छेद घेतात आणि नळी वरच्या टोकाला बांधतात. मूल बहुधा त्याच दिवशी घरी जाते.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. सूज अचानक कडक किंवा लाल झाली, मूल हात लावू देत नसेल, उलट्या होत असतील, तर आतडे अडकलेले असू शकते किंवा वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. पीळ साधारण 6 तासांत सुटला नाही, तर वृषण गमावण्याची भीती असते. सकाळची वाट पाहू नका. मुलाला काही खाऊ-पिऊ न घालता थेट रुग्णालय गाठा.

मोठ्यांमध्ये ही वाट सहसा बंदच असते. वृषणाभोवतीचे अस्तर थोडे पाणी सोडते आणि तेवढेच शोषून घेते. हा मेळ बिघडला की पाणी साठते. पुष्कळदा कारण सापडत नाही. कधी मार, कधी जंतुसंसर्ग, क्वचित वृषणाची गाठ हे कारण असते. म्हणूनच सोनोग्राफी टाळू नये, विशेषतः तरुणात सूज नव्याने आली असेल तर. अंधारात बॅटरीचा उजेड धरला तर साधे पाणी लालसर उजळते, रक्त किंवा पू उजळत नाही. पण तान्ह्या बाळाचे उतरलेले आतडेही उजळते, तेव्हा घरी ही परीक्षा करून निष्कर्ष काढू नका.

पूर्व विदर्भात हत्तीरोग हे मोठे कारण आहे. घाण पाण्यात वाढणारे क्युलेक्स डास त्याचे जंतू पसरवतात. हे जंतू रात्री रक्तात फिरतात, म्हणून आरोग्य कर्मचारी रक्ताचा नमुना घ्यायला रात्री येतात. हत्तीरोगाविरुद्धच्या मोहिमेत वाटल्या जाणाऱ्या गोळ्या जेवणानंतर, कर्मचाऱ्यासमोरच गिळाव्यात. दोन वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी माणसे यांना त्या देत नाहीत. गोळ्यांनी प्रसार थांबतो, पण साठलेले मोठे पाणी उतरत नाही. त्याला शस्त्रक्रियाच लागते.

सुईने पाणी काढून घ्यायचा मोह अनेकांना होतो. पाणी सोडणारे अस्तर तसेच राहते, म्हणून ते पुन्हा भरते, आणि सुईने आत जंतू जाण्याचा किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असतो. शस्त्रक्रियेत बहुधा कमरेखाली भूल देऊन अस्तर उलटे करून शिवतात किंवा जादाचे कापून काढतात. हत्तीरोगाच्या जाड अस्तरात कापून काढणे अधिक पसंत करतात. नीट न थांबलेले बारीक रक्तस्राव हीच नंतरची मोठी अडचण, कारण आत रक्त साठून गाठ होते. म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि मधुमेह यांची माहिती डॉक्टरांना आधीच द्यावी, गोळ्या मनाने बंद करू नयेत.

नंतर घट्ट लंगोट किंवा सपोर्टर वापरावा, जखम कोरडी ठेवावी, साधारण महिनाभर ओझी उचलू नयेत. थोडी सूज काही आठवडे राहते. ताप आला, सूज झपाट्याने वाढली किंवा पू दिसला, तर त्याच दिवशी परत दाखवावे.