बोगद्यापेक्षा स्टेशन महाग

मंडळी, मी आयुष्यभर जमिनीखाली काम केलं. आधी धरणांचे बोगदे, मग शहरातले. निवृत्त झालो तरी एक प्रश्न सुटत नाही, कारण भेटेल तो माणूस तोच विचारतो: मेट्रोला एवढा पैसा लागतो कसा?

मुंबईची मेट्रो तीन घ्या. आरेपासून कफ परेडपर्यंत ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं, एक सोडून सगळी भुयारी. मूळ अंदाज २३,१३६ कोटी रुपयांचा होता. मार्ग पूर्ण होईपर्यंत तो ३७,००० कोटींच्या वर गेला. किलोमीटरला सातशे कोटींच्या आत धरलेलं काम अकराशे कोटींवर गेलं. नागपूरचा पहिला टप्पा ३८ किलोमीटरचा, ८,६८० कोटींचा. नागपूरची मेट्रो खांबांवरून धावते, मुंबईची कातळातून, त्यामुळे ही दोन कामं एका तराजूत घालता येत नाहीत. पण जमिनीखाली उतरलं की खर्च किती पटींनी चढतो, एवढं त्यातून कळतं.

लोकांना वाटतं, बोगदा महाग. मेट्रो तीनवर १७ टीबीएम, म्हणजे बोगदा खणणारी यंत्रं, लावली होती, त्यांची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली. पण टीबीएम एकदा कातळात शिरलं की रोज ठरावीक मीटर पुढे सरकतं, मागे काँक्रीटच्या कड्या बसत जातात. वर रस्त्यावर चहाची टपरी चालू असते, तिला पत्ताही लागत नाही. खरा पैसा जातो स्टेशनात. आठ डब्यांची गाडी उभी राहायची तर दोनशे मीटरच्या आसपास लांबीचा, चार-सहा मजली इमारत मावेल एवढा खड्डा भर वस्तीत खणायचा. आधी चारी बाजूंना जमिनीत भिंती उतरवायच्या. वरची वाहतूक वळवायची. आणि त्याही आधी पाण्याचे नळ, गटारं, गॅस, विजेच्या तारा हलवायच्या.

या हलवाहलवीबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण अंदाजपत्रकात ती दोन ओळींत उरकलेली असते. एका कामावर आम्हाला नकाशात नसलेली बिडाची जुनी जलवाहिनी लागली. ती कोणाची, हे ठरायलाच तीन आठवडे गेले. तेवढे दिवस क्रेन उभी, माणसं बसून, कंत्राटदाराची दाव्याची पत्रं मात्र रोज येत होती. खड्डा एक इंचही खोल गेला नव्हता, खर्च वाढत होता. मला तेव्हा फार संताप आला होता, आजही येतो. तो रस्ता आधी नीट तपासायला जो खर्च आला असता, तो या तीन आठवड्यांपुढे किरकोळ होता.

काळबादेवी, गिरगाव आठवा. तिथे रस्ता अरुंद, वर खड्डा घ्यायला जागाच नाही. म्हणून फलाटाची पोकळी खालूनच टप्प्याटप्प्यानं फोडत नेली, प्रत्येक टप्प्याला आधार देत. वर शंभर वर्षांच्या चाळी उभ्या. हे काम आमच्या इंजिनिअरांनी फार निगुतीनं केलं, त्याचं कौतुक कमीच झालं. पण असं काम महागच असतं. तिथे काटकसर करायचा विचारही कोणी करू नये.

काटकसर दुसरीकडे करता येते. न्यूयॉर्कच्या सेकंड अव्हेन्यू मार्गाचा पहिला टप्पा २०१७ च्या १ जानेवारीला सुरू झाला. जेमतेम तीन किलोमीटर, तीन नवी स्टेशनं, खर्च सुमारे ४.४५ अब्ज डॉलर. तिथे फलाटाच्या लांबीपेक्षा कितीतरी मोठी स्टेशनं खणली गेली. प्रत्येक खात्याला आपली वेगळी खोली हवी होती, आणि नाही म्हणणारं कोणी नव्हतं. त्याच्या उलट माद्रिद. तिथली मेट्रोसूर म्हणजे ४० किलोमीटर, २८ स्टेशनं, आणि २००३ मध्ये ती उघडली तेव्हा बांधकामाला चार वर्षंही झाली नव्हती. स्टेशनांचा नमुना साधा, शक्यतो तोच पुन्हा वापरलेला. आणि निर्णय घेणारे इंजिनिअर सरकारचे स्वतःचे, मोजके, पण अधिकार असलेले.

आपल्याकडे हे जमत नाही असं कृपा करून म्हणू नका. कोकण रेल्वे ई. श्रीधरन या रेल्वेतल्या इंजिनिअरनं उभी केली, आणि तेच पुढे दिल्लीत गेले. दिल्लीचा पहिला टप्पा, ६५ किलोमीटर, वेळेआधी संपला. साइटवर उलटी मोजणी करणारी घड्याळं लावलेली असत. घड्याळानं काँक्रीट सुकत नाही, पण टेबलावरची फाइल हलते.

मेट्रो तीनच्या कारशेडचं, म्हणजे गाड्या ठेवायच्या डेपोचं, काय झालं ते तुम्ही पाहिलंत. २०१९ मध्ये आरेतलं काम थांबलं, २०२० मध्ये जागा कांजूरमार्गला गेली, तिथे उच्च न्यायालयाची स्थगिती आली, २०२२ मध्ये पुन्हा आरे. झाडांसाठी रस्त्यावर उतरलेल्यांना मी बोल लावणार नाही. रात्रीच्या खोदकामाचा आवाज सोसून कोर्टात गेलेल्या दक्षिण मुंबईकरांनाही नाही. माणूस झोपणार कधी? पण डेपोची जागा हा पहिल्या दिवशीचा प्रश्न आहे. तो बोगदे निम्मे झाल्यावर उघडा राहिला, तर कर्जाचं व्याज त्यासाठी थांबत नाही.

आता आपल्या दाराशी येतो. पुणे मेट्रोचा स्वारगेट ते कात्रज, ५.४६ किलोमीटर भुयारी मार्ग. केंद्रानं ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केला तेव्हा तीन स्टेशनं होती, खर्च २,९५४ कोटी. वर्षभरानं बालाजीनगर आणि बिबवेवाडी ही दोन स्टेशनं वाढवायचं ठरलं, आणि त्यासाठी सुमारे ६८३ कोटींची भर पडली. मार्ग जवळपास तोच. सातारा रस्त्यावर रोज अडकणाऱ्यांना ती स्टेशनं हवीच होती, मलाही ती योग्य वाटतात. पण तिथे माणसं काय गेल्या वर्षी राहायला आली? ती वस्ती आराखडा काढणाऱ्यांनाही दिसत होती. तेव्हाच धरली असती तर पाच स्टेशनांचा एकत्र विचार झाला असता, खोली, जिने, हवेच्या झडपा, सगळ्याचा.

म्हणून माझी मागणी आहे, आणि ती मी लेखीही दिली आहे. मेट्रो तीनचा खर्च स्टेशनवार जाहीर करा. खोदाई किती, नळ-गटारं हलवायला किती, थांबलेल्या दिवसांचे दावे किती, व्याज किती. काम झालेलं आहे, बिलं दिलेली आहेत, आकडे कुठल्यातरी कपाटात आहेत. कात्रजच्या पाच स्टेशनांच्या भिंती जमिनीत उतरण्याआधी ते कागद पुण्याच्या इंजिनिअरांच्या टेबलावर पाहिजेत.