संध्या किती वाजता करायची? घड्याळ ठेवा बाजूला!

नमस्कार मंडळी! मागच्या मुंजीवाल्या व्हिडिओखालच्या कमेंट बघितल्यात का, निम्म्या लोकांचं एकच, दादा संध्या, म्हणजे मुंजीनंतर रोज करायची ती सूर्याची उपासना, नक्की किती वाजता करायची, एक टाइम सांगून टाका ना. अरे एक टाइम नाहीचये, तेच सांगायला आज बसलोय.

बेसिक पटकन उरकतो, माहितीच आहे सगळ्यांना. सकाळ, दुपार, संध्याकाळ, त्रिकाळ संध्या. आचमन म्हणजे मंत्र म्हणत पळीभर पाणी पिणं, प्राणायाम, अर्घ्य म्हणजे सूर्याला पाणी देणं, गायत्रीचा जप. सकाळी तोंड पूर्वेला, संध्याकाळी पश्चिमेला. झालं.

आता वेळ. सकाळची संध्या आकाशात तारे असताना केली तर उत्तम, तारे दिसेनासे झाल्यावर मध्यम, सूर्य वर आल्यावर कनिष्ठ. संध्याकाळी बरोब्बर उलटं, सूर्य असताना उत्तम आणि तारे दिसायला लागले की कनिष्ठ. यात कुठे सहा वाजता, सात वाजता आलं का? नाही ना?

आणि ते रील! ब्राह्ममुहूर्त, म्हणजे पहाटे उठायची उत्तम मानलेली वेळ, म्हणे पहाटे चार! इथे माझं डोकं फिरतं. रात्रीचे पंधरा भाग करायचे, त्यातला चौदावा म्हणजे ब्राह्ममुहूर्त. सरासरी एक भाग 48 मिनिटांचा, म्हणून सूर्योदयाच्या 96 मिनिटं आधी सुरू होतो असं म्हणतात. मुंबईत जूनच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत जवळजवळ सव्वासातला. म्हणजे जूनमध्ये साडेचारच्या आसपास, आणि थंडीत साडेपाच उजाडतात की हो. तर जानेवारीत चारचा अलार्म लावून कुडकुडत बसणाऱ्या भावा, तू दीड तास आधी आलायस, झोप जरा. आणि लंडनवाल्या मंडळींनी तर ते 96 पाठच करू नका, तिथे जूनची रात्र साडेसात तासांचीसुद्धा नसते, पंधरा भाग केले तर एक भाग जेमतेम अर्ध्या तासाचा येतो.

हे मला कसं कळलं? फजिती होऊन. मे महिन्यात नागपूरला मावशीकडे गेलो होतो, पुण्याच्या सवयीने सव्वापाचचा अलार्म, अंघोळ बिंघोळ करून पावणेसहाला पळी-ताम्हण घेऊन ऐटीत गच्चीवर गेलो तर समोरच्या पाण्याच्या टाकीवर ऊन! काका चहा पीत म्हणाले, "काय रे, सूर्य तुझ्याआधी तयार होऊन बसला." आपलं देशाचं घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे, सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटं लागतात, पुणे ते नागपूर पाच-सव्वापाच अंश, म्हणजे वीसेक मिनिटं तिथेच गेली. म्हणून पंचांगात सूर्योदय कुठल्या गावाचा दिलाय ते आधी बघा. अ‍ॅप असेल तर लोकेशन बघा, माझ्या एका मित्राचं वर्षभर दिल्लीवर सेट होतं!

दुपारची पण तीच गत. माध्यान्ह म्हणजे बारा नाही! अंगणात काठी उभी करा, सावली सगळ्यात आखूड होते तो माध्यान्ह. पुण्यात रामनवमीच्या दिवसांत तो बारा पस्तीस-चाळीसला येतो. काही देवळांत पाळणा बारा चाळीसला का हलतो, आता कळलं?

एका ताईंनी विचारलंय, आमच्याकडे संध्या नाही, फक्त तुळशीपाशी दिवा, तो सातला लावला तर चालतो का. ताई, डिसेंबरात सातला चांगला काळोख झालेला असतो आणि जुलैत सूर्य अजून मावळायचाय. दिवेलागण म्हणजे सूर्य मावळतानाची वेळ, खिडकीतून बाहेर बघा आणि लावा.

आणि उशीर झालाच तर? नेहमीची तीन अर्घ्यं, शिवाय एक जास्तीचं प्रायश्चित्ताचं. नागपूरला त्या दिवशी गच्चीवर मी चार दिली, काका खालून मोजत होते.