अर्धे वाक्य प्रेक्षकांचे

मुंबईतील नायगावात, गिरणी कामगारांच्या चाळींच्या दाटीत, ८ ऑगस्ट १९३२ रोजी कृष्णा कोंडके यांचा जन्म झाला. अवघा महाराष्ट्र पुढे ज्यांना ‘दादा’ म्हणू लागला, त्या या माणसाने बँड पथकात वादन केले, सेवा दलाच्या कलापथकात कामे केली आणि मगच व्यावसायिक रंगभूमीची पायरी चढली. घरातील जवळची माणसे थोड्याच काळात एकामागून एक गेल्यावर आपण लोकांना हसवायचे ठरवले, असे ते सांगत.

१९६५ साली आलेल्या वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यात दादांनी हवालदार रंगवला. त्या हवालदाराने सभागृहे का भरली, हे समजण्यासाठी तमाशाची घडण पाहावी लागते. गण-गवळणीनंतरच्या बतावणीत, म्हणजे विनोदी संवादांत, आणि पुढे वगातही, म्हणजे मुख्य कथानाट्यातही, संहिता ही एक खुंटी असते. सोंगाड्या, म्हणजे तमाशातला विनोदी नट, तिच्यावर सकाळची बातमी, त्या गावाची तक्रार आणि वेळ आली तर पहिल्या रांगेतील पुढाऱ्याची टोपीसुद्धा टांगू शकतो. राजा आणि प्रधान यांच्यापेक्षा खालच्या पायरीवर उभा असलेला हवालदार हे सारे बोलतो, म्हणूनच ते खपूनही जाते.

दादांच्या द्व्यर्थी संवादांना अश्लील म्हटले गेले, सेन्सॉरशीही त्यांचे खटके उडाले. तरी त्यातील कसब नीट पाहण्यासारखे आहे. दुसरा अर्थ नट उच्चारतच नाही. तो भोळ्या चेहऱ्याने थांबतो, अर्थ प्रेक्षकाच्या मनात उमटतो, हशा फुटतो आणि मग ‘एवढे हसायला काय झाले?’ अशा नजरेने नट सभागृहाकडे पाहतो. गुन्हा प्रेक्षकाने करायचा आणि साळसूदपणा नटाने मिरवायचा, असा हा उघड करार होता.

आशा भोसले यांनी हे लोकनाट्य पाहून चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकरांकडे दादांचे नाव सुचवले आणि १९६९ च्या ‘तांबडी माती’तून ते पडद्यावर आले. १९७१ साली त्यांनी स्वतः ‘सोंगाड्या’ काढला. ढगळ अर्धी चड्डी, लोंबता नाडा आणि आईचा धाक, एवढ्या भांडवलावर त्यातील नाम्या उभा राहिला. मात्र कॅमेरा हसत नाही. रंगमंचावर किती थांबायचे हे समोरचा हशा सांगतो. चित्रपटात ते आधीच ठरवावे लागते, अन्यथा पुढचे वाक्य हशात बुडते. नाम्याचा तो बावचळलेला, क्षणभर लांबणारा चेहरा मला या अडचणीवरचा तोडगा वाटतो.

सलग नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवांमुळे, म्हणजे प्रत्येकी पंचवीस आठवडे चालण्यामुळे, दादांचे नाव गिनेस बुकाशी जोडले गेले. यशाबरोबर साचाही आला. नंतरच्या चित्रपटांत विनोदाचा रोख सत्तेवरून बाईच्या देहाकडे वारंवार सरकला, आणि रोज नवी बातमी मागणारा सोंगाड्या एकदाच चित्रित झालेल्या वाक्यांत अडकला.

१४ मार्च १९९८ रोजी दादांचे निधन झाले. ‘विच्छा’ पुढेही नव्या संचांनी रंगमंचावर आणले. त्यात राजा तोच, प्रधान तोच. हवालदाराला मात्र प्रयोगाआधी त्या दिवसाचे वर्तमानपत्र चाळावे लागते.