फेयझोचे हप्ते, आसियाचा रुमाल

मंडळी, तुर्की दिग्दर्शक आतिफ यिल्माझ यांच्याबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते. शंभराहून जास्त चित्रपट केले, पण पाहताक्षणी ‘हा त्यांचाच’ म्हणावं अशी शैली नाही. मला ही तक्रार अजिबात पटत नाही.

1925 साली मेर्सिनला जन्म, आधी कायदा, मग चित्रकला, आणि 1951 पासून इस्तंबूलच्या येशिलचाममध्ये दिग्दर्शन. येशिलचाम ही मुळात एक गल्ली. निर्मात्यांच्या कचेऱ्या तिथे, म्हणून तुर्की चित्रपटसृष्टीलाच ते नाव पडलं. 1972 च्या आसपास तिथून वर्षाला तीनशेच्या घरात चित्रपट निघत. त्या धबडग्यात यिल्माझनी रडवणारे, हसवणारे, गाण्यानाचाचे, सगळे प्रकार हाताळले. यिल्माझ गुनेय हे दुसरे दिग्दर्शक तुरुंगात गेले तेव्हा त्यांचा अर्धवट राहिलेला ‘झावाल्लिलार’सुद्धा यांनीच पुरा केला.

पण 1978 चा ‘किबार फेयझो’ नीट बघा. विनोदी नट केमाल सुनालचा चित्रपट, लोक पोट धरून हसतात. गावात गुलोसाठी दोन तरुण बोली लावतात. बोली कसली, तर देजाची. मुलीच्या बापाला मोजायच्या रकमेची. फेयझो जिंकतो, पण खिशात दमडी नाही. तो वचनचिठ्ठ्या लिहून देतो आणि हप्ते फेडायला शहराची वाट धरतो. बायको हप्त्याने!

ही गुलो झालेली मुज्दे आर आठ वर्षांनी ‘आह बेलिंदा’मध्ये नायिका आहे. ती नाटकात काम करणारी नटी. शांपूच्या जाहिरातीत गृहिणी होते, केस धुताधुता खरोखरच त्या गृहिणीच्या संसारात जाऊन पडते. नवरा, दोन मुलं, स्वयंपाक. ‘मी ती नव्हे’ म्हणून ती कंठशोष करते, कुणी ऐकत नाही. एक गावरान विनोद, दुसरी अद्भुतिका. पण बाईचं आयुष्य परस्पर ठरवणारे कोण, हे दोन्हीकडे एकाच माणसाने रोखून पाहिलेलं आहे.

आणि माझा सर्वांत लाडका, किर्गिझ लेखक चिंगिज ऐतमातोव यांच्या कथेवरचा ‘सेल्वी बोयलुम आल याझमालिम’. लाल रुमालवाली आसिया, म्हणजे तुर्कान शोराय. ट्रक चिखलात रुततो आणि त्यापायी चालक इल्यासशी तिची गाठ पडते. प्रेम, लग्न, मूल. मग तो दुसरीकडे गुंततो. लेकराला घेऊन निघालेल्या आसियाला जेमशित आसरा देतो. मुलाला वाढवतो, खस्ता खातो. वर्षांनी इल्यास परततो. अजूनही देखणा, अजूनही तिच्या मनात असलेला. इथे बोली नाही, चिठ्ठ्या नाहीत. निवड तिची एकटीची. प्रेम म्हणजे काय, असं ती स्वतःलाच विचारते, आणि तिचं मन उत्तर देतं: कष्ट. पोरगं तर केव्हाच ‘बाबा’ म्हणत जेमशितकडे धावलेलं असतं.