लेसर कटरजवळचा पहिला तास

नमस्कार मंडळी. यंत्र येऊन आठवडा झाला आणि भेटेल तो सदस्य एकच विचारतोय, 'आम्हाला कधी मिळणार?' आजच मिळणार आहे. फक्त आधी थोडा वेळ मला द्या.

मागचं पॅनल उघडलंय, तिथे एक लांब काचेची नळी दिसेल. तिच्यात कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि हेलियमचं मिश्रण आहे. हा लेसर ज्यांनी शोधला ते कुमार पटेल जन्माने बारामतीचे. पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते अमेरिकेत गेले आणि १९६४ साली बेल प्रयोगशाळेत त्यांनी हा लेसर तयार केला. आज पुण्यातल्या आपल्या या शेडमध्ये तो चालणार आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. आणि अशी यंत्रं सामान्य माणसाच्या हाती द्यायची कल्पनाही आपल्याकडे जुनी आहे. पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ सालापासून फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी कुणालाही वस्तू बनवता येईल अशी कार्यशाळा आहे.

या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, म्हणजे तो डोळ्यांना दिसतच नाही. जो लाल ठिपका दिसतो तो नेम धरण्यापुरता वेगळा, छोटा लेसर आहे. झाकणाचं ॲक्रिलिक आपल्याला आरपार दिसतं, पण या किरणाला ते अडवतं, कारण ते त्याची ऊर्जा शोषून घेतं. म्हणून तर हेच यंत्र ॲक्रिलिक इतकं सुबक कापतं. झाकणाला एक स्विच आहे, झाकण उघडलं की लेसर बंद होतो. त्या स्विचला चिकटपट्टी लावून यंत्र चालवताना कोणी दिसलं, तर त्या दिवसापासून त्याचं यंत्र वापरणं बंद. यात मी कुणाचंही ऐकणार नाही.

आता मालाकडे या, कारण खरा धोका तिथे आहे. आत काय ठेवलंय हे यंत्राला कळत नाही, ते तुम्हालाच कळायला हवं. प्लाय, एमडीएफ, पुठ्ठा, बांबू, सुती कापड, ॲक्रिलिक चालेल. पीव्हीसी मात्र कधीही नाही. ते तापलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसांना इजा करतो, आणि दमट हवेत त्याचं आम्ल होऊन यंत्राच्या रुळांना गंज चढतो. 'आम्ही कुठे पीव्हीसी आणतो' असं तुम्ही म्हणाल. शाळेच्या प्रकल्पांसाठी घेतो तो सनबोर्ड बहुतेक वेळा पीव्हीसीचाच फोम असतो. पिशव्यांचं रेक्झिन, चौकातला फ्लेक्स, हेही पीव्हीसीच. दुकानदार 'चामड्यासारखंच आहे हो' म्हणाला, तर तुकडा आधी माझ्याकडे आणा. आपण बाहेर मोकळ्यावर तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवू, ती तुकड्याला टेकवू आणि पुन्हा ज्योतीत धरू. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन असण्याची दाट शक्यता, म्हणजे तो तुकडा यंत्रात जाणार नाही.

दुसरा धोका आगीचा. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका कार्यशाळेत, मी जाड प्लायवर अगदी जवळजवळ रेघा असलेली जाळी कापायला लावली. कापताना ज्योत फुंकून लावणारा हवेचा पंप सुरू करायला विसरलो, आणि फोन आला म्हणून दारापर्यंत गेलो. तीन-चार मिनिटंच. परत येऊन बघतो तर लेन्सखाली ज्योत उभी. घाबरून पावडरचा सिलिंडर मारला. आग विझली, पण पावडर आरशांवर, रुळांवर, बेअरिंगमध्ये शिरली आणि यंत्र कित्येक आठवडे बंद राहिलं. ज्या मुलांचं काम अडलं त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. म्हणून इथे कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर टांगलाय, आणि म्हणून यंत्र चालू असताना त्याच्यासमोरून उठायचं नाही. फोन वाजू दे. चहा आला तर गार होऊ दे. लहानशी ज्योत दिसली की आधी लाल बटण, मग बाकीचं.

सुरू करण्यापूर्वी नळीभोवती पाणी फिरतंय का, धुराचा पंखा ओढतोय का, हवेचा पंप चालू आहे का, हे रोज बघायचं. लेन्सचं अंतर पट्टीने नीट लावायचं, नाहीतर रेघ जाड येते आणि कडा करपतात. आणि 'तीन मिलिमीटर' लिहिलेला प्लाय व्हर्नियरने मोजा, बऱ्याचदा तो तेवढा नसतोच. शिवाय किरण स्वतः मिलिमीटरचा एक-दोन दशांश भाग खातो. खाचांची पेटी करणाऱ्यांनी हे दोन्ही हिशेबात धरलं नाही, तर सांधे सैल बसतात.

आता दोघा-दोघांच्या जोड्या करा. एकाने यंत्र चालवायचं, दुसऱ्याने फक्त ज्योतीकडे लक्ष ठेवायचं, मग अदलाबदल. प्रत्येकाने प्लायच्या तुकड्यावर छोट्या चौकोनांची ओळ कापायची, दर चौकोनाला वेग थोडा बदलून, आणि कुठल्या वेगाला तुकडा खाली पडला ते वहीत लिहायचं. वही यंत्राशेजारीच राहील, पुढच्याला उपयोगी पडेल. चला, पहिली जोडी कोण?