वजनकाट्याआधी शिंप्याची टेप

मंडळी, वजन उतरवायच्या युक्त्या ऐकायला आला असाल तर थोडी निराशा होईल. ‘मी काटकुळा, मला कुठली शुगर?’ असं म्हणणारे इथे कितीतरी असतील. मला जास्त काळजी त्यांचीच.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी उभे असतानाचा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. काट्याला यातलं काही कळत नाही. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही याज्ञिकांच्या गटाला हेच आढळलं: ब्रिटनमधल्या बाळांपेक्षा वजनाला बरीच हलकी, स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून. जेवणातली साखर मुख्यतः स्नायूच उचलतात. ते कमी आणि पोटात चरबी जास्त, म्हणजे इन्सुलिनला दुप्पट राबावं लागतं.

म्हणून घरी शिंप्याची टेप काढा. सकाळी उपाशीपोटी, श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावा. पोट आत ओढायचं नाही, इथे कोणी फोटो काढत नाहीये! पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. त्यापुढे गेलात तर तपासणी करून घ्या.

उपाशीपोटी साखर १०० ते १२५ आली की आपण ‘बॉर्डरवर आहे’ म्हणतो आणि रिपोर्ट कपाटात टाकतो. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी ग्लुकोज पाजून केलेल्या चाचणीत बॉर्डरवर आलेल्या ५३१ जणांवर अभ्यास केला, २००६ साली तो प्रसिद्ध झाला. नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांत तीन वर्षांत ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार आणि चालणं सांभाळणाऱ्यांत ३९ टक्क्यांच्या आसपास. गंमत म्हणजे त्यांचं वजन फारसं उतरलंच नव्हतं! तेव्हा महिनाभर चालून काटा हलला नाही म्हणून बूट कोपऱ्यात टाकू नका.

आता ताट. भात वर्ज्य नाही, पण भाताचा डोंगर आणि त्यावर पातळ आमटीचं पाणी हा आपला नेहमीचा घोळ. डोंगर निम्मा करा, आमटी दाट करा, उसळ दोन डाव वाढा, काकडी-टोमॅटो आधी खा. ज्वारीची भाकरी उत्तम, पण ‘ज्वारीची आहे’ म्हणून चार नकोत. एकादशीची साबुदाणा खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. उपवास करायचाच तर वरी आणि दाण्याची आमटी बरी, तीही वाटीभर.

जेवल्यावर लगेच आडवं होऊ नका, दहा-पंधरा मिनिटं गॅलरीत का होईना, फेऱ्या मारा. त्याशिवाय हात न टेकता खुर्चीतून उठबस करा, झेपेल तेवढी. गुडघे दुखत असतील तर आधी मला भेटा.

आणि ज्या सुनांना, लेकींना गरोदरपणी साखर वाढली होती, त्यांची तपासणी बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत आणि पुढे एक ते तीन वर्षांनी होत राहायला हवी. बाळाच्या लशीची तारीख घरात सगळ्यांना पाठ असते, हिची कोणालाच नसते.